'तो तोम' म्हणजे खरंच 'सुंगटांचं घरटं'? एका व्हिएतनामी पत्त्यांच्या नावाची कुळी हवी आहे

शुक्रवारचा_बाजार

नमस्कार मंडळी. शिगम्याच्या सुमारास पेडण्यात पत्त्यांचं एक छोटं प्रदर्शन लावायचं ठरतंय. सावंतवाडीची गंजिफा आहे, बावन्न पानांचे जुने कॅट आहेत आणि व्हिएतनामहून आलेला एक वेगळाच कॅट आहे. बोटभर रुंदीच्या लांबोळक्या पट्ट्या, वरच्या टोकाला चिनी अक्षरं, खाली जपानी वाटावेत असे कपडे घातलेली माणसं. डबी नाही. देणाऱ्याने तोंडी नाव सांगितलं ते 'तो तोम'.

भाषांतराच्या अॅपमध्ये टाकलं तर 'तो' म्हणजे घरटं, 'तोम' म्हणजे सुंगट (कोळंबी). पाटीवर 'सुंगटांचं घरटं' असं लिहिलं तर आपल्याकडे माणूस थांबून वाचणारच, पण ते खरं हवं ना!

तर नावाचा अर्थ हाच का? खेळ मूळचा कुणाचा, व्हिएतनामचा, चीनचा की जपानचा? आणि पानं मोजली तर १०० भरली. कुणी म्हणतं १२० हवीत. म्हणजे २० हरवली का? पाटीवर जेमतेम चार-पाच ओळींची जागा आहे.

सहासूर

सुंगटं बाजूला ठेवा. शब्द तसेच दिसतात हे खरं, पण तो योगायोग आहे.

व्हिएतनामी कोशांत आणि खेळाच्या माहितीत या नावाची व्युत्पत्ती 'तू ताम' अशी देतात. हे दोन्ही शब्द चिनीतून आलेले: 'तू' म्हणजे एकत्र येणं, 'ताम' म्हणजे तीन. तीन कोण, तर कॅटातले तीन रंग. इथे आपला इस्पिक-बदाम नाही. रंग आहेत 'वन', 'साइक' आणि 'वान'. वन म्हणजे सुटं नाणं, साइक म्हणजे दोरीत ओवलेली नाण्यांची माळ, वान म्हणजे दहा हजार. तिन्ही पैशाचीच मापं. प्रत्येक रंगात १ ते ९ अशी नऊ पानं, म्हणजे २७. त्यांत बिनरंगाची तीन मानाची पानं, झाली ३०. प्रत्येक पान चार वेळा, म्हणून १२०.

खेळातही तिनाचंच राज्य आहे. एकाच अंकाची तिन्ही रंगांतली पानं जमली, उदाहरणार्थ पंजा नाण्याचा, पंजा माळेचा आणि पंजा दहा हजारांचा, की त्याला 'फू बी' म्हणतात. एकाच रंगातली लागोपाठ पानं लावली तर 'फू झोक', म्हणजे आपल्या रमीतला सिक्वेन्स. तेव्हा 'तीन एकत्र' हे नाव खेळाच्या अंगाला बसतं. सुंगटांचा खेळाशी काही संबंध नाही, कॅटात एकही पान सुंगटाचं नाही.

आता 'ताम'चं 'तोम' का झालं? हा प्रश्न रास्त आहे, कारण व्हिएतनामीत चिनी 'तीन'चा ठरलेला उच्चार 'ताम'च आहे. 'ताम कुक' हा ३२ पानांचा दुसरा खेळ तो उच्चार जसाच्या तसा ठेवून आहे. पण 'आम'चं 'ओम' होणं ही वाट या शब्दाने एकट्याने धरलेली नाही. चिनी अक्षरांच्या धर्तीवर व्हिएतनामी लिहायची जी जुनी लिपी आहे तिचं नाव 'नोम'. ते 'नाम', म्हणजे दक्षिण, या शब्दाचंच रूप. नाम-नोम, ताम-तोम. सूरही (व्हिएतनामीत सुराच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो) दोन्ही जोड्यांत सपाटच राहतो. त्यामुळे नावाचा उत्तरार्ध मला घट्ट वाटतो. पूर्वार्ध, 'तू'चं 'तो', तितका घट्ट नाही, कारण तिथे स्वरही बदलतो आणि सूरही: मूळचा जड खालचा सूर जाऊन वळणाचा सूर येतो. लोकांच्या कानाला 'घरटं' आणि 'सुंगट' हे ओळखीचे शब्द ऐकू आले आणि उच्चार तिकडे कलला, असं मानायला जागा आहे.

रमीबाज_फोंडा

+१. थोडं अवांतर विचारतो. ऑनलाइन टेबलावर व्हिएतनामी खेळाडू स्ट्रेट फ्लशला 'थुंग फा सान' म्हणतात. तेही अॅपमध्ये टाकलं तर 'पिंप', 'मोडणे', 'दालन' असं आलं! हेही घरट्यासारखंच का?

सहासूर

अगदी तसंच, आणि अवांतर अजिबात नाही. मूळ प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

'थुंग फा सान' हे कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या बोलीतलं, आहे. कँटनी खेळाडू स्ट्रेट फ्लशला 'थुंग फा सन' म्हणतो: थुंग म्हणजे सारखं, फा म्हणजे फूल (पत्त्यांत रंग), सन म्हणजे क्रमाने. सारख्या रंगाची क्रमवार पानं. हीच तीन चिनी अक्षरं व्हिएतनामी पंडिती उच्चाराने वाचली असती तर झालं असतं 'डोंग ह्वा थ्वान'. तसं झालं नाही. म्हणजे हा शब्द पोथीतून उतरलेला नाही. तो कानावाटे आला, सायगावच्या चोलोन भागातल्या कँटनी वस्तीकडून. दक्षिणेत आला याचा पुरावा लेखनातच पडलेला आहे. शेवटचा शब्द लिहिताना 'न्ह' लिहितात. उत्तरेकडे हनोईत तो 'साइंग'सारखा होतो, दक्षिणेत साधा 'सान'. कँटनी 'सन'शी जुळतो तो दक्षिणेचा.

याच घरातला 'माउ थाउ'. पाचही पानं फुटकी, जोडी नाही, क्रम नाही, तर माउ थाउ. कँटनीत 'मोउ थाउ', म्हणजे डोकंच नाही. व्हिएतनामीत हे दोन ध्वनी एकत्र घेतले तर काहीच अर्थ लागत नाही. असा निरर्थक शब्द मिळाला की व्युत्पत्ती करणाऱ्याचं काम सोपं होतं. खड्डा असतो तो अर्थ लागणाऱ्या शब्दात.

व्हिएतनामी पत्त्यांतल्या शब्दाची कुळी ओळखायची असेल तर मी आधी 'तीन' कसा म्हटलाय ते बघतो. 'बा' असेल तर शब्द घरचा: 'बा डोय थोंग', लागोपाठच्या तीन जोड्या. 'ताम' असेल तर पंडिती चिनी, बहुधा जुन्या लांब पट्ट्यांच्या खेळातला. 'साम' असेल तर कँटनी: 'सप साम' म्हणजे तेरा, तेरा पानांचा खेळ, ज्यात आपली तेरा पानं ३, ५, ५ अशा तीन ओळींत लावायची असतात. एकाचंही तसंच. 'मोत' घरचा, 'न्यात' पंडिती, 'यात' कँटनी. 'सो यात' म्हणजे 'एक नंबर' हा शब्द सायगावात पत्त्यांबाहेरही चालतो. हनोईत त्याच लेखनाचा उच्चार 'झाइक' होतो आणि कँटनी वास पार उडून जातो. दक्षिणेत मात्र तो शुद्ध 'यात'.

सरमिसळही असते. बावन्न पानांचा सगळ्यात लाडका खेळ 'तिएन लेन'. त्यात 'तिएन' पंडिती चिनी आणि 'लेन' घरचा. दोन्ही मिळून 'पुढे चला'.

आणि 'तोम' या तिन्हींत बसत नाही. 'बा' नाही, 'ताम' नाही, 'साम' नाही. म्हणून तर वर 'नोम'ची साक्ष काढावी लागली.

पोर्तुगेज_दप्तर

चर्चा छान, पण सगळी वाट चीनकडूनच का? पोर्तुगीजांनी पत्ते पूर्वेला नेले हे तर सर्वमान्य आहे. जपानी 'कारुता' हा शब्द सरळ पोर्तुगीज 'कार्ता'. १५४३ला पोर्तुगीज जपानात पोचले आणि त्यांच्या ४८ पानांच्या कॅटावरून जपान्यांनी आपले कॅट केले. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरही पोर्तुगीज व्यापारी आणि जेझुइट पाद्री होते. पोर्तुगीजमध्ये 'तोमार' म्हणजे घेणे, उचलणे. पत्ता उचलताना 'तोमू', म्हणजे 'मी घेतो', असं म्हणणार. 'तो तोम' त्यातून का नको? शिवाय चित्रांत जपानी कपडे आहेत, म्हणजे जपानमार्गे आलेली पोर्तुगीज परंपरा असं जुळतंच की.

गंजिफा_१२०

दप्तरसाहेब, गोव्यात बसून पोर्तुगीज मूळ शोधायचा मोह कुणालाही होईल. पण कॅट बोलतो तेव्हा शब्दाने गप्प बसावं.

पोर्तुगीज कॅटाच्या खुणा ठरलेल्या आहेत. चार रंग: पेले, नाणी, तलवारी, सोटे. प्रत्येक रंगात बारा पानं, त्यांत तीन चित्रांची. जपानी कारुताच्या जुन्या कॅटांत या चारही रंगांच्या खुणा दिसतात, म्हणून तिथलं पोर्तुगीज मूळ मान्य झालं. नुसत्या शब्दावर नाही. 'तो तोम'मध्ये पेला नाही, तलवार नाही, सोटा नाही. चौथा रंगच नाही. प्रत्येक पान चार-चार वेळा येतं, पोर्तुगीज कॅटात एकही पान दुसऱ्यांदा येत नाही. नाणी आहेत म्हणाल, तर ती चिनी आहेत आणि सोबत माळ आणि दहा हजार घेऊन आलीत.

हे नाण्यांचे पत्ते चीनमध्ये पोर्तुगीज यायच्या आधीचे. लू रोंग (१४३६–१४९४) या मिंग काळातल्या अधिकाऱ्याने कुनशान भागातल्या ३८ पानांच्या कॅटाचं वर्णन केलंय: नाणी नऊ, माळा नऊ, दहा हजार नऊ, आणि त्याहून मोठ्या रकमांची अकरा. वास्को द गामा कालिकतला लागला १४९८ला. कुनशानच्या कॅटातला चौथा, मोठ्या रकमांचा रंग पुढे बऱ्याच खेळांत गळाला आणि तीन रंग अधिक तीन मानाची पानं हा सांगाडा उरला. माजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळातही हेच तीन रंग आहेत. ज्याला लोक बांबू म्हणतात ती खरी माळच, दोरीत ओवलेली नाणी. मध्य व्हिएतनाममध्ये मैदानात मचाणं बांधून 'बाय च्योय' खेळतात, २०१७ला युनेस्कोच्या यादीत आलेला. त्याच्याही पानांचे प्रकार ३०च. नाव वेगळं, हाडं तीच.

चित्रांवरून मूळ ठरवणं तर त्याहून धोक्याचं. चित्र छापणाऱ्याच्या हाताचं असतं, फॅशनप्रमाणे बदलतं. रंगांची आणि अंकांची रचना शेकडो वर्षं बदलत नाही. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यात दशावतार आले म्हणून गंजिफा हा शब्द संस्कृत होत नाही. तो फारसीच राहतो.

आता १००चा प्रश्न. शुक्रवारचा_बाजार, तुमची २० पानं हरवली असतील असं मला वाटत नाही. बरोब्बर २० आणि तीही गोल आकड्यात? 'चन' (च 'चहा'तला) नावाचा एक खेळ आहे, 'तो तोम'मधूनच निघालेला, आणि आज उत्तरेत जास्त खेळला जातो तो हाच. त्यात पाच प्रकारची पानं काढून टाकतात: तिन्ही रंगांचे एक्के आणि तीन मानाच्या पानांपैकी दोन. ५ प्रकार, प्रत्येकी ४, म्हणजे २० पानं कमी. उरतात २५ प्रकार, १०० पानं.

तपासायचं असं. पानं अंकांप्रमाणे लावा. वरच्या टोकाला दोन चिन्हं असतात, एक अंकाचं आणि एक रंगाचं. चिनी एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. पुढचे अंक रेघांचे नाहीत, ते एका कागदावर उतरवून शेजारी ठेवा. रंगाची अक्षरं ओळखायला व्हिएतनामी लोकांचीच एक ओळ कामी येते: वान चौकोनी, वन तिरपा, साइक वळवळता. वानचं अक्षर डब्यासारखं बसकं दिसतं, वनच्या खाली दोन रेघा कात्रीसारख्या एकमेकींना छेदतात, आणि उरलेलं, ज्याचा आकार सांगता येत नाही, ते साइक. नवखा माणूस इथे चुकतो तो वन आणि साइकमध्ये, कारण छपाई फराट्याची असते. अडलं तर आधी सगळे वान बाजूला काढा, मग उरलेल्यांत कात्री शोधा.

एक रेघ एकाही पानावर नसेल आणि प्रत्येकी चार पानांचे २५ ढीग पडले तर तुमच्याकडे पुरा कॅट आहे, फक्त तो 'चन'चा आहे. एक रेघेची पानं सापडली तर मात्र खरोखर हरवलीत.

शुक्रवारचा_बाजार

वा! एक रेघेचं एकही पान नाही. ढीग २५, प्रत्येकात चार. चोवीस ढिगांवर अंक आहेत, एकावर अंकाचं चिन्ह नाही. म्हणजे चन?

गंजिफा_१२०

चनच. अंकाविना आहे ते 'ची ची', मानाच्या तीन पानांपैकी राहिलेलं एकमेव. 'तो तोम'मध्ये त्याच्यासोबत 'थांग थांग' आणि 'ओंग लाओ' असतात. यातला 'लाओ' म्हणजे म्हातारा, हाही चिनी शब्दच.

या कॅटाने 'तो तोम' खेळायला बसलात तर वाटपातच घोडं अडेल. त्यात पाच खेळाडू, प्रत्येकाला २० पानं, सुरुवात करणाऱ्याला २१. म्हणजे वाटायलाच १०१ लागतात आणि तुमच्याकडे आहेत १००. पुऱ्या कॅटात वाटून १९ उरतात, ती मधल्या गठ्ठ्यात, 'नोक'मध्ये. चनला चारच खेळाडू: प्रत्येकी १९, पहिल्याला २०, नोकमध्ये २३.

चनचं नाव मात्र तीनवरून नाही. तिथे तिनाचं राज्य संपलं आणि जोडीचं आलं. दोन हुबेहूब सारखी पानं म्हणजे एक चन. अंक तोच पण रंग वेगळा असलेली दोन पानं म्हणजे 'का'. जिंकताना हातात २० पानं, म्हणजे दहा जोड्या लागतात, त्यांतल्या निदान सहा चन पाहिजेत, बाकीच्या 'का' चालतात. सहाच्या जागी पाच चन ठेवून 'ऊ!' ओरडलं तर डाव बाद. नवशिके नेमके इथेच आपटतात, कारण 'का' भराभर जमतात आणि दहा जोड्या झाल्या की हात पुरा वाटतो. 'ऊ' ही जिंकल्याची आरोळी माजाँगमधल्या कँटनी 'वू'ची बहीण. म्हणजे कॅट उत्तरेचा, नियम घरचे आणि आरोळी पुन्हा चिनी.

पोर्तुगेज_दप्तर

रचनेचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी पोर्तुगीज दप्तराला इथे अगदीच काम नाही असं म्हणू नका. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत बसवली ती पोर्तुगीज पद्धतीच्या लेखनाने, फ्रांसिश्कु द पिना वगैरे जेझुइटांनी. त्यांच्या कामावर उभा राहिलेला आलेक्सांद्र द रोदचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश रोममध्ये १६५१ला छापला. हा रोद लिस्बनहून निघून १६१९ला गोव्यात उतरला आणि १६२२पर्यंत इथेच होता, काही काळ साष्टीतही. पोर्तुगीज येणाऱ्या गोंयकाराला तो कोश पोर्तुगीज अर्थांवरून वाचता येतो, लॅटिनची गरज नाही. मग 'तो तोम'सारख्या शब्दासाठी तो कसा वापरायचा ते तरी सांगा.

सहासूर

हे बरं काढलंत. जुना व्हिएतनामी शब्द तपासायला तीन कोश हाताशी ठेवायचे: रोदचा १६५१चा, ताबेर यांचा १८३८चा, आणि हुइन तिन कुआ यांचा सायगावात १८९५–९६ला छापलेला. गंमत म्हणजे मधला ताबेरचा कोश छापला बंगालमध्ये, सेरामपूरला. म्हणजे व्हिएतनामी कोशांच्या वाटेवर गोवाही लागतो आणि हुगळीही. तिन्हींचे स्कॅन मिळतात.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रोदच्या काळी शब्दांच्या सुरुवातीला जोडाक्षरं होती, ती पुढे गेली. आजचं 'आकाश' त्याच्याकडे 'ब्लअइ' असं सुरू होतं, आज तिथे 'त्र' लिहितात. आजच्या लेखनाने पान उलटत बसलात तर शब्द मिळणार नाही आणि तुम्ही म्हणाल कोशात नाहीच. दुसरं, हा कोश मिशनऱ्यांचा. प्रार्थना, भाजीपाला, नातीगोती भरपूर. जुगाराची परिभाषा असेलच अशी अपेक्षा धरू नये. शब्द नसला तर त्यावरून खेळ नव्हता असं सिद्ध होत नाही. या कोशांचा खरा उपयोग ध्वनी पाहण्यासाठी: 'आम' आणि 'ओम'च्या जोड्या कुठे कुठे आहेत, 'उ' आणि 'ओ'च्या कुठे, सूर कधी पलटतो. हुइन तिन कुआ यांचा कोश मात्र बोलीतल्या शब्दांना आणि वाक्प्रचारांना उदार आहे, खेळांचे शब्द पाहायला तो आधी उघडावा.

सुराचं महत्त्व गोव्यात एका उदाहरणात सांगता येतं. 'बाय' खालच्या सुरात म्हटला तर पत्ता, मोडक्या चढत्या सुरात म्हटला तर किनारा. व्यंजनं आणि स्वर तेच. अॅपमध्ये खुणा न घालता टाकलंत तर कळंगुटच्या बीचवर पत्ते यायचे.

आणि युरोपची खरी भेट व्हिएतनामी पत्त्यांना झाली ती फ्रेंचांकडून, १८५८ नंतर ते तिथे घुसले तेव्हा. बावन्न पानांच्या कॅटाला तिथे 'बाय तय' म्हणतात, पाश्चात्त्य पत्ते, आणि त्याच्या रंगांची नावं बहुतेक फ्रेंच मोडून केलेली. बदाम म्हणजे 'कअ', फ्रेंच 'कर'वरून. चौकट म्हणजे 'रो', 'कारो'ची नुसती शेपटी. इस्पिक म्हणजे 'बिक', फ्रेंच 'पिक'. अस्सल व्हिएतनामी शब्द 'प'ने सुरू होत नाही, म्हणून त्याचा 'ब' झाला. राणी 'डम', फ्रेंच 'दाम'. गुलाम 'बोय', साहेबाच्या घरचा पोऱ्या. आपला 'गुलाम' आणि त्यांचा 'बोय' एकाच पायरीवर उभे. एक्का 'आत', फ्रेंच 'आस'.

किलवरकडे मुद्दाम शेवटी येतो. त्याला 'च्वोन' म्हणतात आणि 'तेप'ही. 'तेप' आला फ्रेंच 'त्रेफ्ल'वरून: 'त्र' मधला र गळाला, शेवटचं 'फ्ल' जिभेला झेपलं नाही, 'प' उरला. आता व्हिएतनामीत 'तेप' म्हणजे काय? बारीक जवळा, आपला गालमो! आणि 'तोम तेप' हा तर रोजचा जोडशब्द, सुंगटं-गालमो. तोम चिनीतून आला, तेप फ्रेंचातून, दोघांची कुळी हजार कोस लांब, आणि अॅप दोघांनाही एकाच मासळीच्या पाटलीत टाकतं. एकाच शब्दात असं झालं असतं तर घरट्यावर विश्वास बसलाही असता. दोनदा झाल्यावर कळतं की व्हिएतनामी अक्षरं आखूड आहेत, एकेका ध्वनीवर तीन-तीन अर्थ लटकलेले असतात.

रमीबाज_फोंडा

म्हणजे अर्थ लागला की संशय घ्यायचा, असंच ना? मग पत्त्यातून बाहेर पडून रोजच्या बोलण्यात रुळलेला शब्द नाही का एखादा?

गंजिफा_१२०

आहे, आणि तो तुमच्या प्रदर्शनातल्या कॅटातच आहे. नऊ रेघांचं नाही, नवाचं चिन्ह असलेलं आणि चौकोनी अक्षराचं पान काढा: 'क्यू वान', दहा हजारांचा नव्वा. त्यावर ओझं वाहणारा माणूस आहे. आज व्हिएतनाममध्ये बाजारात, धक्क्यावर माल चढवणाऱ्या हमालाला 'क्यू वान' म्हणतात. शब्दशः 'नव्वद हजार', आणि अॅप तेच सांगेल. इथे ध्वनीची कसरत नाही, चिनी शब्द जसाच्या तसा आहे. अर्थ गेला तो चित्रावरून. म्हणजे चित्रं कॅटाचं मूळ सांगत नाहीत, पण शब्दाला नवा अर्थ मात्र चित्रच देऊ शकतं.

पाटीचा मजकूर असा करता येईल:

'चन. व्हिएतनाम. १०० पत्ते, २५ प्रकार, प्रत्येकी ४. रंग तीन: नाणं, माळ, दहा हजार, हे रंग चिनी नाण्यांच्या पत्त्यांतले. १२० पत्त्यांच्या तो तोम या खेळापासून निघालेला. तो तोम हे नाव तू ताम, म्हणजे तिघांचं एकत्र येणं, यावरून आल्याचं मानतात.'

शेजारी दशावतारी गंजिफा ठेवणार असाल तर आणखी एक वाक्य लागेलच. गंजिफाही १२०, तो तोमही १२०, आणि कुणीतरी नातं जोडणार. गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १ ते १०, वर राजा आणि प्रधान, म्हणजे १० गुणिले १२, एकही पान दुबार नाही. तिकडे ३० गुणिले ४. बेरीज एक, हिशोब वेगळे. गंजिफ्याचा एक रंग आणि चनचा एक ढीग शेजारी-शेजारी मांडा: इकडे बारा वेगळी पानं, तिकडे चार सारखी. सांगावं लागणार नाही. 'क्यू वान' मात्र वेगळं काढून डोळ्यांच्या उंचीवर लावा. आणि पट्ट्या लावताना अक्षरं वर येतील असं बघा. माणसाची चित्रं आखूड असल्याने घाईत उलटी लागतात.

शुक्रवारचा_बाजार

मजकूर जसाच्या तसा घेतो. व्हिएतनामी लिपीतलं नावही पाटीवर टाकावं म्हणतोय. छापणाऱ्याला काय सांगू?

सहासूर

खुणांसकट द्या आणि प्रूफ मागवा. 'तो'च्या स्वरावर दोन खुणा एकावर एक येतात, खाली छपरासारखी आणि तिच्यावर प्रश्नचिन्हाच्या आकड्यासारखी. 'तोम'वर नुसतं छप्पर. 'चन'च्या स्वरावर वाटीसारखी खूण आणि तिच्या डोक्यावर तिरकी रेघ. मराठीसाठी वापरले जाणारे बरेच फॉन्ट ही दुहेरी खूण दाखवत नाहीत. तिथे चौकोन येतो किंवा ते एकच अक्षर दुसऱ्याच वळणाचं दिसतं. म्हणून व्हिएतनामी ओळीला वेगळा फॉन्ट लावायला सांगा आणि फाइल पीडीएफ करून, फॉन्ट आत बसवून द्या. खुणा गळल्या तर 'तो'चा अर्थ होतो 'मोठ्ठा', आणि वाचणारा एखादा व्हिएतनामी पर्यटक आला तर त्याला भलंमोठं सुंगट दिसेल.